पावसाळ्यातला घरचा ब्रेड: उरलेला संपवायच्या नोंदी

ठिकाण रत्नागिरी. काळ मृगापासून गणपतीपर्यंत, साल २०२५.

८ जून, रविवार

यंदा पाऊस मे महिन्यातच आला. आज मृग लागलं तेव्हा अंगणात आधीच शेवाळ होतं.

थंडीत घरचा ब्रेड उरला तरी काळजी नसते. टोपलीत कापडाखाली तो आपोआप कडक होतो आणि चहात बुडवून संपतो. पावसाळ्यात हवेतच इतकं पाणी असतं की तो वाळत नाही, नुसता दमट पडून राहतो आणि तिसऱ्या दिवशी कडेला हिरवट ठिपके दिसायला लागतात. म्हणून यंदा नीट नोंदी ठेवून हे काम करायचं ठरवलं आहे. घरी भाजलेल्या ब्रेडचा तुकडा वाया जाऊ द्यायचा नाही, आणि त्याचा जो पदार्थ होईल तो घरच्यांनी मागून घेतला पाहिजे. "संपवायचंय, खाऊन टाक" असं कुणाला सांगायची वेळ यायला नको.

घरी आम्ही चौघं: मी, हे, लेक आणि सासूबाई. ब्रेड आठवड्यातून दोनदा, रविवारी आणि बुधवारी. नेहमीचं माप असं: २५० ग्रॅम मैदा, २५० ग्रॅम कणीक, ३२५ मिली पाणी, १० ग्रॅम मीठ, ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, २० ग्रॅम तेल. ओटीजीत, म्हणजे विजेवरच्या छोट्या भट्टीत, २०० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं. गार झालेली लोफ साधारण ७६० ग्रॅम भरते. पहिल्या दिवशी निम्म्याहून जास्त संपते. प्रश्न उरलेल्या तीनशे ग्रॅमचा.

विकतच्या ब्रेडच्या अनुभवावर या काळात विसंबून चालत नाही, कारण त्याचं वागणं वेगळं. त्यात कॅल्शियम प्रोपिओनेट असतं, ते बुरशीला रोखून धरतं. शिवाय मऊपणा टिकवणारे इमल्सिफायर असतात. आपल्या लोफमध्ये यातलं काहीच नाही. त्यामुळे पाकिटातल्या ब्रेडसाठी लिहिलेल्या कृती घरच्या ब्रेडला जशाच्या तशा लागू पडत नाहीत. पाण्याचं माप बदलतं, भिजवायचा वेळ बदलतो. या नोंदींमध्ये मुख्यतः तेच टिपायचं आहे.

११ जून, बुधवार

रविवारच्या लोफचा शेवटचा भाग आज टाकून दिला. बुरशी नव्हती. डबा उघडला तेव्हा पिकून उतरलेल्या अननसासारखा गोडसर वास आला. कापून पाहिलं तर कवच ठणठणीत, पण मधला गर किंचित तपकिरी आणि बोटाला चिकटणारा. तुकडा हळूच तोडला तेव्हा दोन्ही बाजूंमध्ये केसाहून बारीक तारा ताणल्या गेल्या.

हा ब्रेडचा जुना रोग आहे, उष्ण आणि दमट हवेतला. बॅसिलस सबटिलिस हा जिवाणू आणि त्याचे जातभाई यांचे बीजाणू पिठातच असतात, कणकेत मैद्यापेक्षा जास्त, कारण कोंड्याबरोबर ते येतात. भाजताना लोफच्या पोटातलं तापमान शंभराच्या पुढे जात नाही, आणि तेवढ्या उष्णतेत बीजाणू मरत नाहीत. लोफ सावकाश गार होताना ते जागे होतात आणि गर नासवायला लागतात. अशा ब्रेडचा कसलाही पदार्थ करायचा नाही. भाजला, तळला, उकळला तरी नाही.

उपाय जुनाच, पिठाला आंबटपणा द्यायचा. आजच्या पिठात पाण्यापैकी १०० मिलीच्या जागी आंबट ताक घातलं. ताक नसेल तर ५०० ग्रॅम पिठाला एक टेबलस्पून व्हिनेगर पुरतं. लोफच्या मध्यात थर्मामीटर खुपसून ९६ अंश दिसल्याशिवाय बाहेर काढली नाही, आणि काढल्यावर लगेच टिनमधून सोडवून जाळीवर पंख्याखाली ठेवली. ब्रेडचा डबा, सुरी आणि कापायचा पाट व्हिनेगरने पुसून काढला.

ताकामुळे लोफला आलेली बारीकशी आंबूस चव सासूबाईंना आवडली. पावसाळाभर हेच माप ठेवते.

१५ जून, रविवार

साठवणीची तुलना आज सुरू केली. लोफ पूर्ण गार झाल्यावर तिचे तीन भाग केले. एक कापडात गुंडाळून ओट्यावरच्या डब्यात. दुसरा, २१० ग्रॅमचा, हवाबंद पिशवीत फ्रिजमध्ये. तिसऱ्याच्या स्लाइस करून, मध्ये बटर पेपर घालून, फ्रीझरमध्ये.

१८ जून, बुधवार

निकाल. ओट्यावरचा भाग मऊ आहे, पण खालच्या कडेला पांढरी बुरशी धरायला लागली आहे. ताकामुळे तारा सुटल्या नाहीत, बुरशी मात्र थांबली नाही. तो पूर्ण भाग बाद. बुरशी आलेला तुकडा तेवढा कापून बाकीचा वापरायचा, असं करू नये. ब्रेड सच्छिद्र असतो, दिसणाऱ्या ठिपक्याच्या आत तिचे धागे दूरवर गेलेले असतात.

फ्रिजमधला भाग सगळ्यात शिकवून गेला. बुरशी नाही, वास स्वच्छ, पण दगडासारखा कडक आणि कापताना भुगा. काट्यावर ठेवला तर २०८ ग्रॅम. म्हणजे पाणी कुठेही गेलेलं नाही आणि तरीही ब्रेड शिळा! बूसँगो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५२ मध्ये हेच दाखवून दिलं होतं: ब्रेड शिळा होणं म्हणजे वाळणं नव्हे. भाजताना फुगून सैल झालेलं स्टार्च गार झाल्यावर पुन्हा घट्ट रचना धरायला लागतं, आणि फ्रिजच्या तापमानात ही क्रिया सगळ्यात वेगाने होते. साठ अंशांच्या वर तापवलं की ती रचना सुटते आणि ब्रेड पुन्हा मऊ होतो. फ्रिजमधला तुकडा तव्यावर झाकण ठेवून गरम केला तर खरंच ताज्यासारखा झाला. मात्र पुन्हा गार झाल्यावर आधीपेक्षाही कडक. गरम करायचा तो लगेच खायला.

फ्रीझरच्या स्लाइस थेट तव्यावर टाकल्या. उत्तम. काही सांगायलाच नको.

कडक म्हणजे वाईट असं मात्र नाही. कापायला तर कालचाच ब्रेड बरा. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १९१७ साली बारा तासांच्या आतला ब्रेड विकायला बंदी होती. ताजा ब्रेड पातळ कापता येत नाही आणि लोक तो जास्त खातात, म्हणून. आमच्याकडेही रविवारी दुपारी नेमकं तेच चालतं.

२१ जून, शनिवार

रात्री वादळी पाऊस, वीज गेली ती सकाळी उशिरा आली. फ्रीझरमधल्या स्लाइस ओल्या होऊन एकमेकींना चिकटल्या. त्या लगेच तव्यावर कडक भाजून नाश्त्याला घेतल्या.

कोकणात पावसाळ्यात फ्रीझरच्या भरवशावर साठवण करता येणार नाही, हे पक्कं झालं. ब्रेड टिकवायचा तर त्यातलं पाणीच काढायला हवं. मे महिन्यात कुरडया-पापडांचं करतो तेच, फक्त ऊन नाही एवढंच.

२२ जून, रविवार

आजचं काम मला या सगळ्या प्रकल्पाचा कणा वाटतं.

नवी लोफ भाजून झाली की ओटीजी बंद करतो आणि ती उष्णता वाया जाते. आज लोफ बाहेर काढल्याबरोबर तापमान १०० अंशांवर आणलं आणि बुधवारचा उरलेला ब्रेड आत सरकवला. निम्म्याच्या बोटभर जाडीच्या कांड्या केल्या होत्या, निम्मा हाताने कुस्करून ताटलीत पसरला होता. २० मिनिटं चालू ठेवून मग बंद केला आणि दार किंचित उघडं, फटीत लाकडी चमचा अडकवून. वाफ बाहेर जायलाच हवी, नाहीतर ब्रेड वाळायच्या ऐवजी शिजतो. तासाभराने पाहिलं. चुरा पूर्ण वाळला होता, कांड्या मध्यभागी अजून वाकत होत्या. त्यांना आणखी २० मिनिटं दिली.

वाळला की नाही हे ओळखायची खूण: गार झाल्यावर तुकडा मोडला तर टचकन आवाज आला पाहिजे आणि मोड कोरडी दिसली पाहिजे. गरम असताना तपासून उपयोग नाही, गरम ब्रेड वाळलेला असला तरी वाकतो.

३०० ग्रॅम ब्रेडचं वजन वाळल्यावर १९० ग्रॅमच्या आसपास उतरलं. म्हणजे घरच्या ब्रेडमध्ये शंभरात सदतीस-अडतीस भाग पाणी असतं, आणि बुरशीला तेच लागतं. गार होताक्षणी घट्ट झाकणाच्या डब्यात भरलं. ताटलीत रात्रभर उघडं राहिलं तर सकाळपर्यंत सगळं सादळणार.

आता क्रम असा बसवला आहे. पहिला दिवस ताजा. दुसऱ्या दिवशी टोस्ट किंवा तव्यावर. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकात, किंवा पुढच्या लोफच्या मागोमाग ओटीजीत. चौथा दिवस बाहेर काढायचाच नाही.

२५ जून, बुधवार

फोडणीचा ब्रेड. हा पदार्थ घरोघरी होतो, पण घरच्या ब्रेडला त्याची रीत थोडी वेगळी लागते.

पाकिटातला ब्रेड मऊ असतो, फोडणीत टाकून पाण्याचा हबका मारला की काम झालं. निम्मी कणीक असलेला घरचा ब्रेड तसा केला तर बाहेरून ओला आणि आतून कोरडा राहतो, घशाला लागतो. मी गॅसपाशी होते, तेवढ्यात सासूबाई मागून म्हणाल्या, "अगं, फोडणीच्या पोळीला करतेस तसं याला नको करूस. आधी ताक शिंपडून झाकून ठेव. फोडणीत पाणी घातलंस की खालचं भिजतं आणि वरचं तसंच राहतं."

"किती वेळ ठेवू, आई?"

"कांदा चिरून होईपर्यंत."

अगदी बरोबर. २५० ग्रॅम ब्रेड, दोन दिवसांचा. हाताने तोडायचा, पेराएवढे तुकडे. सुरीने कापलेल्या गुळगुळीत बाजूला मसाला धरत नाही, तुटलेल्या खडबडीत कडांना धरतो. मिक्सर तर नकोच, त्यातून भुसा निघतो आणि वाफेवर त्याचा लगदा होतो. पाऊण वाटी पातळ ताक हाताने शिंपडून, वरखाली करून झाकून ठेवलं. दोन कांदे चिरून झाले तोवर सगळे तुकडे सारखे ओलसर झाले होते, पण ताटात पाणी सुटलेलं नव्हतं.

तेल तीन टेबलस्पून, इथे कंजूषपणा चालत नाही. मोहरी, हिंग, शेंगदाणे, तीन हिरव्या मिरच्या, भरपूर कढीपत्ता. कांदा गुलाबी झाल्यावर हळद. मीठ नेहमीच्या निम्मं, कारण ब्रेडमध्ये आहेच. ब्रेड घालून हलक्या हाताने परतला, झाकण ठेवून चार मिनिटं वाफ, मग झाकण काढून आच वाढवली आणि न हलवता दोन मिनिटं. तळाला लागलेला खरपूस थर उलथन्याने सोडवून वर आणला. साखर चिमूटभर, लिंबू, ओलं खोबरं, कोथिंबीर.

लेकीने तळाचा भाग मागून घेतला. पदार्थ पास.

१ जुलै, मंगळवार

धिरडी. उरलेल्या कडा १५० ग्रॅम, दीड वाटी ताकात अर्धा तास भिजवून मिक्सरमधून काढल्या. त्यात अर्धी वाटी तांदळाचं पीठ, पाव वाटी रवा, आलं, मिरची, जिरं, मीठ. दहा मिनिटं मुरू दिलं. बिडाच्या तव्यावर घातली. नुसत्या ब्रेडची धिरडी तव्याला चिकटतात, तांदळाच्या पिठाने सुटून येतात आणि कडेला जाळी पडते. कवच जाड असेल तर भिजायला अर्ध्या तासाऐवजी पाऊण तास द्यावा.

७ जुलै, सोमवार

काल आषाढी एकादशी होती. उपासाला ब्रेड चालत नाही आणि घरातले तिघं उपास करणारे, म्हणून या आठवड्याची लोफ शनिवारीच भाजून ठेवली होती, ती जवळजवळ तशीच राहिली. आज सगळीचे टोस्ट केले.

बेकरीतला टोस्ट म्हणजे दुसऱ्यांदा भाजलेला ब्रेडच. घरी करायचा तर स्लाइस एक सेंटिमीटरच्या आत हवी, त्याहून जाड झाली तर कडक होते, पण खुसखुशीत होत नाही. १२० अंशांवर पाऊण तास, मध्ये एकदा उलटवून. निम्म्यांना वितळलेलं लोणी, पिठीसाखर आणि वेलची चोळली, निम्म्यांना तूप, जिरं आणि मिरपूड. गोड टोस्ट १० अंश कमी ठेवावे, साखर लवकर रंगते.

चहात बुडवल्यावर ब्रेडचा टोस्ट वाटीत गळून पडत नाही. ह्यांना ते फार महत्त्वाचं वाटतं.

१२ जुलै, शनिवार

पावसाळ्यात बाजारात बायका रानभाज्या घेऊन बसतात. आज घोळ मिळाली, कोवळी, लालसर देठांची.

इटलीतल्या तोस्कानामध्ये शिळ्या ब्रेडची कोशिंबीर करतात, पान्झानेल्ला. हल्ली ती टोमॅटोने लाल असते, पण टोमॅटो तिथे रुळण्याआधी, सोळाव्या शतकातल्या फ्लॉरेन्समध्ये, ती कांदा, काकडी आणि घोळ घालून व्हायची. तिथला ब्रेड बिनमिठाचा असतो. तो शिळा झाला की नुसता खायला फिका लागतो, म्हणून तो सूपमध्ये आणि कोशिंबिरीत वापरायची तिथली पद्धत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. घोळ, काकडी आणि कांदा आपल्याही दारात आहेत, तर व्हिनेगरच्या जागी कोकमाचं आगळ घेऊन पाहिलं.

वाळवलेल्या कांड्यांचे १२० ग्रॅम तुकडे. दोन टेबलस्पून आगळ, दोन टेबलस्पून पाणी, तीन टेबलस्पून शेंगदाण्याचं तेल, ठेचलेली लसूण, किंचित गूळ. आगळात मीठ असतं, वेगळं घातलं नाही. कांदा पातळ उभा चिरून यात आधी मुरवला. मग काकडी, घोळीची पानं आणि कोवळे देठ, शेवटी ब्रेड. दहा मिनिटं ठेवून खायला घेतली. ब्रेडच्या कडा गुलाबी झाल्या होत्या आणि मध्यभाग अजून कुरकुरीत होता. वीस मिनिटांनी तोही मऊ पडला. चव तरी चांगलीच, पण मला दहा मिनिटांची जास्त आवडली.

सासूबाईंनी घोळीची पातळ भाजी मागितली होती. उरलेल्या घोळीची ती केली.

१६ जुलै, बुधवार

जुन्या ब्रेडचा नवा ब्रेड. जर्मनीतल्या राईच्या ब्रेडमध्ये ही रीत पक्की आहे, जुना ब्रेड भिजवून नव्या पिठात मिसळायचा.

डब्यातला वाळलेला चुरा ६० ग्रॅम घेऊन कढईत मंद आचेवर तांबूस होईपर्यंत भाजला. घरभर भाजणीचा वास. त्यावर १२० मिली उकळतं पाणी ओतून रात्रभर झाकून ठेवलं. सकाळी त्यात ४४० ग्रॅम पीठ, १२० मिली पाणी, १०० मिली ताक आणि नेहमीचं मीठ, यीस्ट, तेल. मळताना पीठ चिकट वाटतं, पण वरून पीठ घालत बसू नये. वीस मिनिटं तसंच ठेवलं की आवरतं.

चुऱ्यातलं स्टार्च एकदा शिजून गेलेलं असतं, ते कच्च्या पिठापेक्षा पुष्कळ जास्त पाणी धरून ठेवतं. त्यामुळे लोफ जास्त काळ ओलसर राहते. उलट बाजू अशी की चुऱ्याच्या ग्लूटेनमध्ये, म्हणजे पीठ ताणून धरणाऱ्या प्रथिनात, आता जोर नसतो, म्हणून हे प्रमाण वाढवलं तर लोफ बसकी होईल. ५०० ग्रॅमला ६० हे मला ठीक वाटतं.

१९ जुलै, शनिवार

बुधवारच्या त्या लोफचा शेवटचा तुकडा आज सकाळी खाल्ला. तिसऱ्या दिवशीही न भाजता खाण्याजोगा मऊ होता. रंग गव्हाळ-तपकिरी, कवचाला किंचित कडवट-गोड चव. हे माप आता कायमचं, आठवड्यातली एक लोफ अशीच.

२० जुलै, रविवार

श्रावण पाच दिवसांवर आला, अंड्यांचं काय ते आत्ताच. ब्रेड पुडिंग: २०० ग्रॅम ब्रेड, अर्धा लिटर कोमट दूध, तीन अंडी, ८० ग्रॅम साखर, जायफळ. मुंबई-पुण्याच्या इराण्यांकडचं पुडिंग मऊ पावाचं असतं. घरच्या ब्रेडला दुधात निदान अर्धा तास बुडवून ठेवावं लागतं, आणि मध्ये एकदा वरचे तुकडे खाली दाबावे लागतात. गरम पाण्याच्या ताटात ठेवून १६० अंशांवर ४५ मिनिटं. मधोमध हलकं थरथरत असतानाच बाहेर काढलं, गार होताना जमलं.

२४ जुलै, गुरुवार

दीप अमावस्या. सकाळी दिव्यांची पूजा, संध्याकाळी श्रावणाआधीचं शेवटचं मासळीचं जेवण. समुद्रातली यांत्रिक मासेमारी ३१ जुलैपर्यंत बंद असते, पण खाडीची कोळंबी मिळाली, बारीक. तिचे कटलेट केले.

इथे ब्रेड दोन वेगळ्या कामांना लागला. सारणात शिळा पण न वाळलेला ब्रेड, पाण्यातून काढून घट्ट पिळलेला. अर्धा किलो सोललेल्या कोळंबीला ८० ग्रॅम. तो कोळंबीचं सुटणारं पाणी शोषून घेतो, बटाट्याइतका जड होत नाही आणि कोळंबीची चव झाकत नाही. बाहेरून वाळलेला चुरा.

चुऱ्याबद्दल एक गोष्ट लिहून ठेवते. दूध-साखर घातलेल्या गोडसर ब्रेडचा चुरा तळणीत फार लवकर काळा होतो, आतलं शिजायच्या आत. तळणीसाठी चुरा साध्या, बिनसाखरेच्या लोफचाच ठेवायचा. तो जाडसर वाटायचा, रव्याहून थोडा मोठा. फार बारीक केला तर तेल पितो. म्हणून आता डबे दोन: साध्या ब्रेडचा तळणीला, गोडसर ब्रेडचा लाडवांना.

२८ जुलै, सोमवार

उद्या नागपंचमी. आमच्याकडे त्या दिवशी काही चिरत नाहीत, तळत नाहीत, तवाही चुलीवर चढवत नाहीत. पुरणाची दिंडं होतीलच. लेकीच्या डब्यासाठी आजच लाडू वळून ठेवले.

शिळ्या पोळीच्या लाडवाचीच रीत. गोडसर ब्रेडचा चुरा १५० ग्रॅम, तीन टेबलस्पून तुपात खमंग परतला. किसलेला गूळ ८० ग्रॅम. गूळ तुपात फक्त विरघळू द्यायचा, बुडबुडे यायला लागले की लगेच गॅस बंद. पाक झाला तर दुसऱ्या दिवशी लाडू फुटत नाहीत. पोळीत थोडा ओलावा असतो, चुऱ्यात अजिबात नसतो, म्हणून वळताना दोन-तीन चमचे गरम दूध लागलं. वेलची, भाजलेलं सुकं खोबरं, थोडी खसखस. दूध घातलेले लाडू पावसाळ्यात दोन दिवसांत संपवायचे. ते एवढे राहणारच नाहीत.

८ ऑगस्ट, शुक्रवार

नारळी पौर्णिमा. नारळीभात झालाच, पण दुपारी बुधवारच्या लोफचा उरलेला भाग समोर होता आणि खवलेला नारळही.

उत्तरेकडे शाही तुकडा, हैदराबादेत डबल का मीठा, दोन्हीकडे तुपात तळलेला ब्रेड आणि आटवलेलं दूध. आपल्याकडे घावनांबरोबर नारळाचा रस असतो, तोच ब्रेडला दिला. एका नारळाचं घट्ट दूध, त्यात १०० ग्रॅम चिरलेला गूळ, वेलची, मिठाचे चार कण. रस गरम करायचा नाही, गूळ हाताने विरघळवायचा. जाड स्लाइस साजूक तुपात मंद आचेवर दोन्ही बाजूंनी तांबूस भाजल्या, वाढताना खोलगट ताटलीत ठेवून वरून रस.

घरच्या ब्रेडचं चीज इथे झालं. विकतची स्लाइस रसात पडली की विरघळते. ही पाच मिनिटं रस पीत राहिली, तरी चमच्याने कापावी लागली, आणि कवचाची कड दाताखाली येत होती. सासूबाईंनी दुसऱ्यांदा घेतलं. "गणपतीत पाहुण्यांना कर," म्हणाल्या.

१७ ऑगस्ट, रविवार

शेजारच्या काकू शिळ्या पोळ्या गाईला घालतात. आमच्याकडचा ब्रेडही न्यावा का, असं त्यांनी विचारलं. एखाद-दुसरा कोरडा तुकडा चालतो, पण साठवून टोपलीभर घालू नये. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात एकदम खूप पिष्टमय गेलं की आम्ल वाढतं आणि जनावर आजारी पडतं. बुरशीचा ब्रेड तर कुठल्याच जनावराला नको, त्यातलं विष भाजून किंवा भिजवून जात नाही. तो परसातल्या खड्ड्यात, मध्यभागी, वर सुक्या पानांचा जाड थर देऊन. वर उघडा ठेवला तर उंदीर येतात.

या महिन्यात खड्ड्यात काही टाकावं लागलेलं नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

बुधवारी गणपती. मंगळवारपासून घर भरेल, मुंबईहून दीर-जाऊबाई, मुलं. गणपती असेपर्यंत स्वयंपाकघरात यीस्ट, लसूण, कांदा काही नाही, म्हणून लोफ आज भाजली ती शेवटची. गौरी गेल्यावर पुढची.

डब्यांची मोजणी केली: साधा चुरा ४०० ग्रॅम, गोडसर चुरा २५० ग्रॅम, कांड्यांचा डबा निम्मा, जिऱ्याचे टोस्ट भरपूर. सादळू नये म्हणून प्रत्येक डब्यात कापडाच्या पुरचुंडीत थोडे भाजलेले तांदूळ टाकले आहेत. टोस्टचा डबा खालच्या फळीवर ठेवला आहे, मुलांचा हात पोचेल असा.

गौरी-विसर्जनानंतर जाऊबाईंना नारळाच्या रसातला ब्रेड खायचा आहे, त्यासाठी आजच्या लोफमधल्या आठ जाड स्लाइस फ्रीझरमध्ये ठेवल्या. वीज गेली तर त्याच ओटीजीत वाळवायच्या, आणि रस जरा जास्त काढायचा.